पांढरीचा तुरा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कोंबडीच्या तुऱ्यावर काय लिहायचं? पण लिहितोय.

मी लहू. जर्मनीत इंगोलश्टाटजवळच्या गावात राहतो, गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत टेस्टिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. कोडिंग एकट्याने शिकलो, व्हिडिओ बघून. कोंबड्या पाळणंही तसंच.

हा फ्लॅट मी आणि माझा मित्र अश्वजित, दोघांनी मिळून भाड्याने घेतला. मालकीणबाई फ्राउ विमर खाली राहतात. मागच्या अंगणात त्यांचं रिकामं खुराडं होतं. "पाळा, पण कोंबडा नको, शेजारी कुरकुरतात," एवढीच अट.

जात कुठली घ्यायची यावर आमची जुंपली. अश्वजित वायनडॉटवर अडून.

"लह्या, तुरा बघ हिचा. बसका, डोक्याला चिकटलेला. गोठायला वर काही नाहीच. पिसं दाट. हिवाळा काढेल आरामात."

मला पांढरी इटालियन हवी होती. मोठा लाल तुरा, एका बाजूला कललेला. सिन्नरला आईकडे अगदी अशीच होती.

"तुरा आहे का झेंडा?"

"दिसते बघ ना कशी!"

"लग्न करायचंय का तिच्याशी?"

शेवटी तीन वायनडॉट, एक पांढरी.

आणि महिन्याभरात अश्वजितला हॅम्बर्गला नोकरी लागली. जाताना खुराड्यापाशी थांबला. "पांढरीला सांभाळ रे. तुझी चॉइस आहे ती." गेला.

मग नोव्हेंबर. ऑफिसात सकाळी 'मॉर्गन', संध्याकाळी निघताना 'च्यूस', मधे स्क्रीन. साडेचारला अंधार. रविवारी दुकानंसुद्धा बंद. मराठी बोलायचो ती कोंबड्यांशी. "काय गं, जेवलात का?" त्या दाण्यांकडे बघायच्या.

अश्वजितचा फोन यायचा.

"कसा आहेस?"

"मस्त."

"ख्रिसमसला ये. फेरीबोटीत बसवतो, सगळं बंदर दाखवतो."

"कोंबड्यांना कोण बघणार?"

दर वेळी हेच.

डिसेंबरात पारा उणे तेरा. आईचा फोन, पहिला प्रश्न, "कान बांधलेस का?" आमच्याकडे थंडी कानातूनच शिरते. कानटोपी घातली, मफलर गुंडाळला की माणूस वाचला. मग मी काय केलं, खुराड्याचे कान बांधले. सगळ्या फटी, वरचा झरोका, सगळं. जुनी चादर, टेप, बबल रॅप. हात फिरवून पाहिला, कुठूनच वारा नाही. आईला फोटो पाठवला. "शहाणं माझं बाळ," म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर आतल्या वासाने डोळे चुरचुरले. छताला आतून थेंब लटकलेले, भिंतीवर बर्फाची साय. वायनडॉट तिघी फुगून बसलेल्या, ठणठणीत. पांढरीच्या तुऱ्याची टोकं राखाडी. बोट लावलं, कडक.

मग वाचत बसलो. आधी वाचायला हवं होतं. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ, विष्ठेची ओल, बाहेर जायला जागाच ठेवली नव्हती मी. कोरडी थंडी त्या काढतात. दमट हवेत तुरा गोठतो, आणि मोठा तुरा आधी. वरचा झरोका उघडाच ठेवायचा, फक्त झोत अंगावर येऊ द्यायचा नाही.

टेप, चादर सगळं ओरबाडून काढलं. पेंढा बदलला. पांढरीला घरात आणलं, हीटर नसलेल्या खोलीत, खोक्यात. एकदम ऊब द्यायची नसते म्हणे. टोकं काळी पडली. तेही चाललं असतं, पण तिने दाणा सोडला. पाण्यात बोट बुडवून चोचीला लावायचो, ती मान फिरवायची. भिंतीकडे तोंड करून बसायची.

फ्राउ विमर डोकावल्या. "आलाइन?" एकटीच?

"या," म्हटलं, म्हणजे हो.

त्यांनी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गेल्या.

अश्वजितचा फोन. "कसा आहेस?" "मस्त." "पांढरी?" "मस्त."

फोन ठेवला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. ही मरणार, असंच वाटत होतं.

दुपारी अंगणात एका वायनडॉटने अंडं घातलं, गावभर ओरडून सांगितलं. खोक्यातून मान वर आली. बारीक आवाज आला. इतक्या दिवसांत पहिला.

अंधार पडता पडता तिला खुराड्यात नेऊन बाकीच्यांशेजारी दांडीवर ठेवलं. एकीने टोच मारली. मी हात पुढे करणार, तेवढ्यात ती टोचणारीच थोडी सरकली. पांढरी दोघींच्या मधे घुसली, डोकं पिसांत. वर झरोका सताड उघडा. माझा जीव वर-खाली.

सकाळी भिंती कोरड्या. पांढरी दाण्यावर, बाकीच्यांना ढकलत.

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

"हे काय रे? झेंडा अर्ध्यावर कसा?" अश्वजित म्हणाला. "मस्त म्हणालास ना?"

"नव्हतं मस्त."

"तिचं की तुझं?"

नाक गळत होतं. थंडीने, आणि तसंही.

"दोघांचं."

"गाढव आहेस, लह्या."

"गेनाऊ, अगदी बरोबर. ऐक ना. ख्रिसमसला येतो. दाणापाण्याचं फ्राउ विमरना विचारलंय, हो म्हणाल्या."

"ऐनवेळी परत कोंबड्यांचं काढशील."

"नाही काढणार. आणि कसा आहेस विचारलंस तर खरं सांगेन. शब्द देतो, अश्या."