बोटभर फरक

साताऱ्याकडे पोलिसांना बेवारस हाडं सापडली, की ती मोजून मेलेला माणूस किती उंच होता हे सांगायचं काम वल्लरी करायची. त्यासाठीची कोष्टकं परदेशी माणसांवरून बेतलेली, म्हणून आपल्या भागाचं कोष्टक करायला ती मिरजेच्या एका रुग्णालयात जिवंत माणसांचे पाय मोजत होती. हाडं जोडणारे डॉक्टर पुष्कर तिला थट्टेनं 'शिंपीणबाई' म्हणत.

"शिंपीणबाई, कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पेशंटचा डावा पाय मोजून द्या," एके सकाळी ते म्हणाले. "उजव्या नडगीचा चुरा झालाय. मधला तुकडा तर रस्त्यावरच गेला. आता डाव्याच्या मापानंच उजव्यात सळई घालायची."

खाटेवर सिद्धू होता, जतकडचा मेंढपाळ. कळप रस्ता ओलांडत असताना टेम्पोनं उडवलेला. उशाशी त्याची आई हरणाबाई बसली होती. मेंढरं सध्या चुलतभाऊ बिरदेव राखत होता. दिवाळी झाली की कळप चाऱ्यासाठी पश्चिमेला निघायचा. तोवर सिद्धू उभा राहिला नाही, तर मेंढरं विकायची असं ठरलं होतं.

"ताई, मेंढरांमागं चालता यील न्हवं?" सिद्धूनं विचारलं.

"आधी मोजू तर द्या."

तिनं गुडघ्याच्या सांध्यापासून आतल्या घोट्याच्या टोकापर्यंत माप घेतलं. आकडा तिला खटकला. एवढ्या लांब हातांच्या माणसाची नडगी इतकी आखूड? तिनं कोपरापासून मनगटापर्यंतचं हाडही मोजलं. दोन्ही मापं एकाच माणसाची वाटेनात. टेप गुंडाळताना तिची नजर खाटेखाली गेली. तिथं एकच चप्पल होती, डाव्या पायाची. तिच्या तळाला टायरचा जाड तुकडा ठोकलेला होता.

"मावशी, हे काय?"

"ल्हानपणी झाडावरनं पडला की गं. हाड आखूडच जुळलं. तवापासनं लंगडतोय. टायर म्याच ठोकून घेतला."

स्ट्रेचरवरून आलेल्या सिद्धूला इथं कुणी चालताना पाहिलंच नव्हतं!

डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला. "बरं झालं, सांगितलंत. म्हणजे उजवा त्याच्या मूळ लांबीचाच ठेवायला हवा. मधली फट मोठी राहील. कमरेचं हाड काढून ती भरायची, म्हणजे आणखी एक ऑपरेशन. वर्ष तरी जाईल."

सिद्धूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "इकून टाका म्हणावं मेंढरं," तो आईला म्हणाला.

वल्लरी हातातल्या आकड्यांकडे बघत राहिली. हाड मुळात केवढं होतं हे तिचं कोष्टक सांगायचं. ते तेवढंच असायला हवं, असं त्यात कुठंच नव्हतं.

"सर, उजवा डाव्याएवढाच केला तर?" ती म्हणाली. "फरक दोन सेंटिमीटरच आहे. फट मिटेल, आणि दोन्ही पाय सारखे होतील."

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ ते बोटानं काहीतरी जोखत होते. "टोकं भिडतील," ते हळूच म्हणाले. "हाड लवकर धरेलही. सिद्धू, बोटभर बुटका होशील. चालेल?"

"मेंढरं काय माजी उंची बघत्यात व्हय?"

"आन् लगीन तर झालंय," हरणाबाई म्हणाली. "आता कोन मोजायला येतंय?"

दिवाळीच्या आधी सिद्धू तपासणीला आला तो काठी टेकत, सावकाश, पण सरळ. पायात दोन सारख्या चपला होत्या. वल्लरीनं पुन्हा टेप काढला. दोन्ही नडग्या जवळजवळ सारख्या भरल्या. हे माप मात्र आपल्या कोष्टकात घ्यायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवलं; उद्या कुणी या हाडावरून उंची काढली तर फसेल.

"निघताय ना कळपाबरोबर?"

"निघतोय की. यंदा घाट बिरदेव चढवील, मी माळावर हाय. पर एक घोटाळा झाला बगा, ताई."

"कसला?" ती दचकलीच.

"परवा सांजच्याला मेंढरांच्या वाड्यावर गेलो, तर माजंच कुत्रं अंगावर आलं. चाल वळखंना त्याला." सिद्धू हसला. "शिव्या घातल्या, तवा कुटं शेपूट हलीवलं."