सहा तासांनी पडणारा

सकाळी नऊला त्याने बायकोचा प्रोग्रॅम नव्या क्लस्टरवर हलवला आणि दिवसभराचं काम संपल्यासारखा खुर्चीत मागे रेलला. खरं तर काम अजून सुरूही झालं नव्हतं. पण गेली काही वर्षं हा माणूस सकाळी नऊलाच दमलेला असायचा.

त्यांची कचेरी रक्ततपासणीचे अहवाल प्रयोगशाळांकडून दवाखान्यांकडे पोचवायची. त्यासाठी पन्नासेक लहान प्रोग्रॅम होते. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःचं सगळं सामान घेऊन बसलेल्या बंद डब्यात. हे डबे अकरा यंत्रांच्या जुडग्यावर, म्हणजे क्लस्टरवर, मांडलेले आणि सगळ्यांवर नजर ठेवणारं एक साधन. एखादा डबा पडला की हे साधन कुणाला न विचारता त्याला पुन्हा उभं करायचं आणि त्याच्या नावापुढे एक आकडा वाढवायचं: इतक्या वेळा पडला. या साधनाची देखभाल त्याच्याकडे, म्हणून कचेरीत त्याला सगळे कारभारी म्हणत. त्याची बायको प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची प्रमुख. तीही कचेरीत त्याला कारभारीच म्हणायची, तेव्हा नवीन माणसं गालातल्या गालात हसायची. घरचं घरी आणि कामाचं कामावर, हा तिचा दंडक. कचेरीत दोघं एकमेकांना कटाक्षाने अहो-जाहो करत.

अहवाल योग्य दवाखान्यात धाडणारा प्रोग्रॅम तिने चार वर्षांपूर्वी लिहिला होता. तिची आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. एका हाताने औषधं आणि दुसऱ्या हाताने कळफलक, असं ते वर्ष गेलं. नोकरी सोडते, असं ती दर आठवड्याला म्हणायची. प्रोग्रॅम सुरू झाला आणि सहा तासांनी पडला. कारभाऱ्याने पाहिलं, मेमरी भरत भरत काठोकाठ येत होती. उद्या सांगू, आज नको, असं तो स्वतःशी म्हणाला आणि त्याने तेवढ्यापुरती धोक्याची घंटा बंद केली. साधन होतंच, त्याने प्रोग्रॅम चाळीस सेकंदांत उभा केला. तेवढ्या वेळात आलेले अहवाल रांगेत थांबले आणि मग पोचले. कुणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं, आणि कित्येक महिन्यांनी ती हसली. त्यानंतर सांगायचं तरी कसं? कारभाऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

प्रोग्रॅम मात्र दिवसातून चार वेळा पडत राहिला. तिची आई गेली, ती प्रमुख झाली, आणि ‘कधी न पडणारा प्रोग्रॅम’ म्हणून ती नव्या लोकांना तोच दाखवू लागली. जुन्या क्लस्टरचे आकडे फक्त कारभाऱ्याला दिसत. त्यामुळे झाकली मूठ झाकलेलीच राहिली, आणि मूठ आवळून आवळून माणूस थकला.

नव्या क्लस्टरवर मात्र सगळे आकडे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसणार होते. त्यालाही त्याने तोड काढली होती. नव्या जागी आकडा शून्यापासून सुरू होतो. नऊला हलवायचं, अकराला सगळ्यांसमोर तपासणी, सह्या झाल्या की सुटलो. पुढे घंटा वाजलीच तर ‘नव्या जागेत होतं असं कधीमधी’ म्हणता येईल.

साडेदहाला निरोप आला, मोठे साहेब अडकलेत, तपासणी अडीचला. कारभाऱ्याने बोटांवर तास मोजले: नऊ आणि सहा, म्हणजे तीन वाजता. दुपारी एकदा डबा पाडून नवा मांडला असता तर आकडा पुन्हा शून्यावर आला असता, पण तपासणीला मांडलेल्या क्लस्टरला कुणीही हात लावायचा नाही, हा नियम त्यानेच लिहून भिंतीवर चिकटवला होता. नियमाला बगल देण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. तो जेवलाही नाही.

अडीचला सगळे जमले. साहेब एकेक नाव वाचत होते, कारभारी घड्याळाकडे बघत होता. तीन वाजून चार मिनिटांनी, सगळ्या शून्यांच्या मधोमध, तिच्या प्रोग्रॅमपुढचा आकडा एक झाला आणि लाल झाला.

साहेबच त्याच्या मदतीला धावले. नवं घर आहे, पहिल्या दिवशी कुणीतरी ठेचकाळणारच, असं म्हणून त्यांनी पेन काढलं. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. बायको मात्र पडद्याकडे बघत नव्हती. ती कारभाऱ्याकडे बघत होती.

“तुम्ही तीन वाजायच्या आधीपासून घड्याळ बघताय,” ती म्हणाली. “हे होणार, तुम्हाला माहीत होतं?”

हो म्हणायला एवढं बळ लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. “माहीत होतं,” तो म्हणाला. “दर सहा तासांनी पडतो. पहिल्या दिवसापासून.”

“म्हणजे किती वेळा?”

“पाच हजार आठशे. थोडं इकडे तिकडे.”

साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि तपासणी उद्यावर ढकलून सगळ्यांना बाहेर नेलं. भल्या माणसाने जाताना दारही ओढून घेतलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिने लॅपटॉप उघडला, चार वर्षांपूर्वीचा स्वतःचा प्रोग्रॅम वरपासून वाचायला घेतला, आणि तो समोर आरोपीसारखा बसून राहिला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. अहवाल उघडला जात होता, वाचून होत होता, पण बंद केलाच जात नव्हता. उघडे अहवाल साचत जायचे आणि सहा तासांत मेमरी भरायची. तिने एक ओळ घातली.

“वीस मिनिटांचं काम होतं,” ती म्हणाली. “आईच्या उशाशी बसूनही केलं असतं मी. तू मला इतकी लेचीपेची समजलास?”

तसं नव्हतं, असं तो पुटपुटला. तिला त्रास नको म्हणून केलं, असंही म्हणाला, आणि म्हणताना त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं. पहिल्या दिवशी ते खरं होतं. पुढची चार वर्षं सांगायचाच कंटाळा होता, आणि सांगायला जितका उशीर तितकी भीती जास्त.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सैल झालेला सदरा. तिने हे सगळं रोजच पाहिलं असणार, पण आज ती नीट बघत होती.

“आणखी काय पडतंय, मला न सांगता?” तिने विचारलं.

काही नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. सवयीने शब्द ओठांवर आलेही होते.

“कचेरीखाली गाडी लावली ना, की मला खाली उतरवतच नाही,” तो म्हणाला. “रोज. तू आधीच येऊन कामाला लागलेली असतेस, मी पंधरा मिनिटं तसाच बसून असतो, स्टिअरिंगवर हात ठेवून. मग वर येतो. दोन वर्षं झाली.”

तिने लॅपटॉप मिटला आणि आपली खुर्ची उचलून त्याच्या बाजूला आणून ठेवली.

“सांग,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून.”