न आलेला निरोप

"निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नकोस गं. चार दिवसांनी येऊन विचार," तापाने फणफणलेल्या लेकीचं रक्त काढताना नर्सबाईंनी तिच्या आईला बजावलं होतं. नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत जायचा होता. "काही निघालं तर कळवतीलच की!" म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं.

आठव्या दिवशी ताप पुन्हा चढला, तशी ती लेकीला कडेवर घेऊन दवाखान्यात धावली. नर्सबाईंनी प्रयोगशाळेत फोन लावला. नमुन्याच्या डब्यातला बर्फ वाटेतच वितळल्याने नमुना टाकून दिला होता. कळवायचं काम कुणाकडेच नव्हतं.

नर्सबाईंनी पुन्हा रक्त काढलं. "आता डब्यावर तुझाच नंबर लिहिते. नवऱ्याचा नको, तो उचलायचा नाही!"

तिसऱ्या दिवशी फोन आला, औषध बदललं, ताप उतरला.

तुमच्या शेजारी कुणाचा नमुना गेलाय का? आजच त्यांना विचारा, उत्तर आलं का म्हणून.