मराठी राहिली

मुले मैदानावर खेळून राहिली आहेत.

नागपूरला धरमपेठेतल्या पार्लरमध्ये माया गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलते. घरी आली की चपलेसोबत हिंदीही दाराबाहेर काढते.

'अरेरे! पुन्हा प्रयत्न करा.'

शहराच्या कडेला, वाडीत, गोदामांच्या मागे भाड्याची खोली. ट्रक मागे घेताना भोंगा वाजतो, तो आवाज म्हणून कोणी धरत नाही.

'महोदय, आपणास नम्र विनंती करून राहिली आहे.'

ऐंशीपैकी सव्वीस.

पातळी : दहावी

सव्वीस हे मायाच्या मुलीचे, प्रियदर्शनीचे, मराठीच्या सराव परीक्षेतले गुण. विनंतीचं पत्रही तिचंच, त्याच पेपरातलं. बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर आलेली. गणित-विज्ञानात ती वर्गात पुढे होती. अकरावीला सायन्स घ्यायचं हे तिचं तिनंच ठरवलं होतं. मराठी राहिली तर ते सगळं राहणार होतं.

पालकसभेत मराठीच्या पुष्पलता मॅडमनी पेपर मायासमोर धरला. पत्र, निबंध, स्वमत, सगळीकडे लाल रेघा.

"गणितात बघा काय गुण आहेत. आणि मातृभाषेत ही गत? घरी जरा शुद्ध बोलत जा ताई."

माया "हो मॅडम" म्हणाली.

पातळी : आठवी

शाळेनं मोबाइलवर एक सरावाचं ॲप दिलं होतं. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. चुकलेला प्रश्न दोन दिवसांनी वेश बदलून परत येतो, तोही भलत्याच विषयाच्या प्रश्नांत घुसून. गणितात ॲप प्रियदर्शनीला दहावीच्याही वर नेत होतं. मराठीत खाली आणत होतं.

अचूक वाक्य निवडा.
अ) मुले मैदानावर खेळत आहेत.
ब) मुले मैदानावर खेळून राहिली आहेत.

तिनं ब निवडलं. अरेरे.

"आई, यात काय चुकलं वं?"

मायानं वाक्य दोनदा वाचलं. 'मले'चं 'मला' करायचं एवढं तिलाही माहीत होतं, पण इथं 'मले' नव्हतंच.

"काही तं नाही चुकलं. हिंदीतबी हेच म्हणते ना, खेल रहे हैं?"

वडील धम्मानंद, टेम्पो चालवतात, ते वाकून म्हणाले, "मोबाइलच बिघडला असन."

पातळी : पाचवी

अचूक वाक्य निवडा.
अ) बाळ झोपत आहे.
ब) बाळ झोपून राहिले आहे.

ब. अरेरे.

त्याच आठवड्यात घरात एक पाहुणी आली. ती मायासारखीच दिसायची, मायाच्याच जागी बसायची.

"प्रियदर्शनी, तुला भाजी वाढू का? तू दमलीस का?"

"असं नको बोलू वं आई. कोनाच्या तरी घरी जेवाले आल्यावानी वाटते."

"मॅडमनी सांगितलं आहे," माया म्हणाली. मग तिला पुढचं शुद्ध वाक्य सुचलं नाही आणि ती उठून गेली. हळूहळू ती फक्त 'हो', 'नाही' आणि 'झालं' एवढंच बोलू लागली. त्या तीन शब्दांत चूक होत नाही. धम्मानंद एकदा म्हणाले, "पोट्टीची मराठी राहिली ते राहिली, तुही काहून बंद पडली गा?" तेही गोंधळले होते. 'गा' पुरुषाला म्हणतात.

पातळी : पाचवी (अजून)

गणितात अडलं की प्रियदर्शनीची एक पद्धत होती. सोडवलेलं उत्तर बघायचं नाही. पुस्तक मिटायचं, मोबाइल पालथा घालायचा आणि काय काय चुकलं ते आठवून एकाखाली एक लिहायचं. असंच तिला कळलं होतं की तिची बेरीज-गुणाकार कधी चुकत नाहीत, कंस सोडवताना उणे चिन्ह तेवढं निसटतं.

मराठीत ही पद्धत चालेल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मराठीला काय पद्धत? मराठी येतेच.

रविवारी सकाळी तिनं मोबाइल पालथा घातला.

खेळून राहिली
झोपून राहिले
वाचून राहिलो
करून राहिली

ती बघत बसली. मग जोरात ओरडली.

ओट्यापाशी माया दचकली आणि शुद्ध बोलायचं विसरली. "काय झालं वं? काहून ओरडून राहिली?"

"हेच! आई, हेच! अजून बोल!"

"काय बोलू?"

"काहीबी. आपलं नेहमीचं बोल."

माया बिचकत म्हणाली, "तुहे बाबा टेम्पो धुऊन राहिले."

"धूत आहेत."

"शेजारीन फोनवर भांडून राहिली."

"भांडत आहे! एकच चूक आहे आई. शंभर नाही, एक. सगळीकडे तीच."

"अन् तो तिचा भाऊ नागपुरातच राहून राहिला."

"राहत आहे."

"पोळ्या कराच्या राहिल्या."

"करत आहेत!"

माया हसत सुटली. "पोळ्या सोताच करत आहेत? मंग मी बसतो खाटेवर!"

प्रियदर्शनीनं कपाळावर हात मारला. हे 'राहिल्या' वेगळं होतं, ते तिथंच राहणार होतं. आईला ते न शिकता कळलं होतं.

"म्हनजे," माया हसू आवरत म्हणाली, "आपलं बोलनं चुकीचं नाही?"

"नियम आहे वं त्याले. तू इतकं बोलली, एकदाबी नियम मोडला नाही. पेपरात दुसरा नियम आहे, एवढंच. तू बोलत राहा, मी बदलत राहतो."

पातळी : सातवी, नववी, दहावी

माया पोळ्या लाटताना बोलली, धुणं वाळत घालताना बोलली, बसमधून फोन करून बोलली. चार दिवस खंड पडला की ॲप जुनं वाक्य नव्या कपड्यांत पाठवायचं. प्रियदर्शनी त्याला दारातच ओळखायची. पत्र लिहिताना तिच्या कानात आधी आईचा आवाज यायचा, मग हात तो बदलून कागदावर ठेवायचा.

निकाल

गुणपत्रिका घ्यायला माया कामावरची सुट्टी काढून गेली. मराठी : तोंडीचे धरून शंभरपैकी एकोणऐंशी.

पुष्पलता मॅडम खूश होत्या. "बघा ताई, सांगितलं होतं ना? घरी शुद्ध बोलायला लागलात की नाही?"

शेजारी इतर पालक उभे होते. मायानं गुणपत्रिका नीट घडी न करता, सगळ्यांना दिसेल अशी छातीशी धरली.

"नाही मॅडम," ती मोठ्यानं म्हणाली. "आमी घरी आमचंच बोलून राहिलो. तुमचं ते पोरगी लिहून राहिली."

मॅडमच्याही तोंडून निघून गेलं, "काय बोलून राहिल्या तुम्ही ताई!" आणि त्या स्वतःच हसल्या.

प्रियदर्शनी दीड वर्षाची असताना तिनं पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं. ते होतं, 'आई येऊन राहिली.'