आयुधांचा विसावा

वसंताने संगणकावर चंदनाचं बोट ओढलं, त्यावर कुंकू टेकवलं आणि मायक्रोफोनला झेंडूचं फूल वाहिलं. तिरुवल्लिकेणीतलं तिचं समुपदेशन केंद्र आज बंद होतं. नवरात्रातली नवमी. चेन्नईत आज ज्याने त्याने आपल्या कामाची आयुधं पुजायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

पूजेला नणंदेचा मुलगा व्यासराज आला होता. संगणकात भेटींचं ध्वनिमुद्रण तपासणारा एक प्रोग्रॅम होता, तो त्यानेच केलेला. तासन्‌तास संभाषणं ऐकवून त्याने प्रोग्रॅमला एकच गोष्ट शिकवली होती: माणूस बोलू लागण्याआधी श्वास कसा घेतो. भेटीला येणाऱ्यांच्या संमतीने केलेलं ध्वनिमुद्रण त्यात घातलं, की असा श्वास सापडेल तिथे पडद्यावर पिवळी खूण उमटे.

मागच्या आठवड्यात केंद्रात येणाऱ्या कीर्ती नावाच्या तरुणीच्या भेटी त्यात घातल्या, तेव्हा वसंता पडद्याकडे बघतच राहिली. पिवळ्या खुणा भरपूर होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीवर वसंताचाच आवाज चढून बसलेला. ‘होईल गं सगळं नीट.’ ‘देव बघतो आहे.’ पोर तोंड उघडायला जाई आणि वसंता मायेने ते मिटवून टाकी. त्या दिवशी तिला घास गेला नाही. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तिने त्या यंत्राच्याही नावाने हात जोडले. इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“मामी, याला विसावा दिलात,” व्यासराज निघताना म्हणाला, “पण तुमचं खरं आयुध राहिलंच की पुजायचं.”

“कुठलं रे?”

त्याने जीभ बाहेर काढून तिच्याकडे बोट दाखवलं. वसंताने हसत कुंकवाचं बोट त्याच्याच कपाळाला पुसलं आणि त्याला वाटेला लावलं.

तो जिना उतरला असेल-नसेल, तोच दारात कीर्ती उभी राहिली. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे साताऱ्याहून आलेली. सुट्टी उद्या, दसऱ्याला, अशीच तिची समजूत. गेल्या वर्षी आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. तेवढं तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यापुढे काही नाही.

तिने चपला काढल्या नाहीत.

“एवढंच सांगायला आले होते ताई, की आता मी यायची नाही. तुम्ही फार मायेने बोलता. पण...”

ती थांबली. मग तिने श्वास घेतला. अगदी हलका, अर्ध्यावर अडकलेला. आज ऐकायला यंत्र नव्हतं, पण वसंताला तो स्पष्ट ऐकू आला.

‘असं नको गं म्हणूस,’ हे शब्द वसंताच्या ओठांशी आले. तिची नजर संगणकावरच्या ओल्या कुंकवाकडे गेली. आज आयुधाला हात लावायचा नाही. तिने ओठ मिटले, हात मांडीवर ठेवले.

पंखा फिरत राहिला. दूर देवळात सनईसारखं नादस्वरम सुरू झालं, थांबलं. वसंताने आवंढासुद्धा हळूच गिळला.

“मी तिचं नाव ठेवलं होतं,” कीर्ती म्हणाली. “कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.”

वसंताने नुसती मान हलवली.

“कौमुदी.”

ते नाव बोलून कीर्ती स्वतःच दचकली. मग खाली वाकून तिने एकेक चप्पल काढली, आत आली आणि खुर्चीत बसून पदरात तोंड घालून रडली. मग कौमुदीबद्दल पुष्कळ बोलली. पोटात ती कधी लाथा मारायची, रेडिओ लावला की कशी शांत व्हायची.

जाताना तिने विचारलं, “पुढच्या आठवड्यात याच वेळेला येऊ?”

वसंताने होकार दिला. नैवेद्याच्या पातेल्यातलं सुंडल, हरभऱ्याची उसळच ती, तिने केळीच्या पानात घालून बांधलं आणि कीर्तीच्या हातात दिलं.

मग आणखी एक पान घेतलं आणि कौमुदीच्या नावाने तेवढंच सुंडल त्यातही बांधलं.