दोरीच्या अलीकडे

बाटलीच्या तळाशी बसलेली वाळू... चिमूटभर, काळपट, मध्येच एखादा कण चमकणारा, आणि वर निवळलेलं पाणी, कुणालाही साधंच वाटावं असं. पण झाकणावर हे कुंकवाचं बोट कुणी ओढलं? आणि ही बाटली, स्टेशनवर घेतलेली, अर्धं लेबल सोललेली, देवघरात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्यामध्ये कशी येऊन बसली, तेही बाळकृष्णाला जरा कोपऱ्यात सरकवून... जयमाला पदराला हात पुसत तिथंच उभी राहिली. काल संध्याकाळी ती वडनेरच्या फाट्यावर उतरली तेव्हा बाटली पिशवीत होती, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली.

"तीर्थ कोणी टावेलात ठेवते काय व?" सोजराबाई मागून म्हणाल्या. सासूबाईंची आंघोळ झाली होती, हातात फुलांची परडी होती. "मीच काढून ठेवलं."

"आत्याबाई, ते तीर्थ नाही."

"गणपतीच्या समुद्राचंच ना?"

"समुद्राचं हाये. पण गणपती..."

"मंग झालं तं. दुपारी बाया येऊन राह्यल्या. डाळ शिजू घाल."

काशीहून आलेल्या माणसाचं मावंदं घालतात, पाय धुतात, पाया पडतात, गाव जेवतं. जयमाला काशीला गेली नव्हती, म्हणून सोजराबाईंनी ते पाच बायांवर आणलं होतं. आणि ज्या बाईचे पाय धुवायचे तिनंच सकाळपासून चुलीपुढं घाम गाळायचा, हेही या घराला शोभण्यासारखंच. तिला हसू आलं, मग गेलं. कारण ती कोकणात गेली होती हे खरं, पण गणपतीला गेली नव्हती. ती कासवं पाहायला गेली होती. तिनं नवऱ्याला तसं स्वच्छ सांगितलं होतं... आपली लेक समीक्षा जाते त्या मंडळींबरोबर, कासवांची घरटी राखणारी माणसं आहेत, किनाऱ्यावर राहतात, पाहायला येऊ देतात. अविनाशनं मान हलवली होती. आणि तिची गाडी सुटल्यावर घरी येऊन आईला सांगितलं होतं, "पोरीसंगं गणपतीच्या दर्शनाले गेली." हे तिला कळलं काल, उंबऱ्यात, भाकरतुकडा ओवाळून टाकताना.

डाळीला उकळी आली. वरचा फेस तिनं पळीनं काढला, आणि फेस म्हणजे... पहाटेचा तो किनारा, फेसाची लांबच लांब रेघ, अंधार अजून पुरता गेलेला नाही, आणि आपण सगळे एका दोरीच्या अलीकडे ओळीनं उभे, कुणी बोलत नाही. कुंपणातल्या वाळूत पुरलेल्या अंड्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या. एक माणूस जातो आणि एकेक टोपली उचलतो. खाली काही नाही. दुसरी उचलतो... काही नाही. पहिल्या दिवशी एकाही टोपलीखाली काही नव्हतं. माणसं हिरमुसली. नाशिकची एक बाई म्हणाली, एवढं लांबून आलो. मला मात्र वाईट वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं. पहाटे उठून मी कशाची तरी वाट पाहिली होती, आणि ते चहाचं आधण नव्हतं, पाण्याचा नळ नव्हता, कुणाचं येणं नव्हतं. उजाडल्यावर सुरय पक्षी आले, पांढरे, टोकदार, पाण्यावर उलटे पडल्यासारखे सूर मारणारे, आणि समीक्षानं आपली दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. "आई, घाई नको करू," म्हणाली. मला. घाई करू नको, असं मला आयुष्यात कुणी म्हटलं होतं?

पाणी जिभेवर ठेवून पाहिलं तर खारट. पूर्णाकाठच्या खारपट्ट्यात, खाऱ्या विहिरींच्या पाण्यावर जन्म गेलेल्या बाईला त्याचं काय कौतुक... पोरगी म्हणाली, "कसं लागलं?" मी म्हटलं, "माह्येरच्यासारखं."

आणि मग तिसऱ्या संध्याकाळी टोपली उचलली आणि वाळू हलली. वाळूच हलली असं आधी वाटलं. मग एक डोकं, एक वल्ह्यासारखा पाय, मग कितीतरी... करवंटीच्या तुकड्याएवढाली पिल्लं, ओली, काळी, गडबडलेली. त्यांना समुद्रापासून जरा दूर सोडलं, म्हणजे ती आपली आपण चालत जातील. सगळी निघाली. एक मात्र उलटं फिरलं. थेट आमच्याकडे, दोरीकडे यायला लागलं. जयमालाचा हात आपोआप पुढं झाला होता. आयुष्यभर हाच हात: सांडलेलं सावरणारा, वाकडं सरळ करणारा, रुसलेल्याच्या पाठीवरून फिरणारा. टोपलीवाला माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, हात लावायचा नाही. हात मागं बांधा." तिनं मागं बांधले. पिल्लू थांबलं, आणि मग, कसं कोण जाणे, आपलं आपण वळलं. एक लाट आली, ते नव्हतंच. सगळी माणसं हसली, तीही हसली, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. हात मागं बांधलेलेच होते. पदर घेणार कशानं?

चार दिवस मी कुणाच्या कामाची नव्हते. एवढंच.

"काय पाहून राह्यली त्या डाळीत?" अविनाश दारात उभा होता, पायात चपला, शेतात निघालेला, पण निघवत नव्हतं.

"तुम्ही काऊन सांगतलं तसं?"

"अव, मंग काय सांगू? बायको कासवं पाहाले गेली? अर्धा गाव माह्या मांगं हासला असता."

"हासू द्या. मीही हासलीच तिथं."

त्यानं चपलेचं टोक उंबऱ्याला घासलं. मग त्याला काहीतरी सुचलं, आणि सुचल्यावर त्याचा चेहरा उजळतो तसा उजळला. "हे पाह्य. देवळात कासव असतेच ना? देवाच्या आंधी आपण त्यालेच हात लावतो. विष्णूचा अवतार तो. दर्शन घेतलं म्हण. खोटंबी नाही होत, आईबी खूश."

माणूस वाईट नाही. त्यानं तिच्यासाठी दार शोधलं होतं, आणि त्या दारातून जाणं सोपं होतं. पण दर्शन म्हणजे... दर्शन एकदा घेतलं की घेतलं. कालच सासूबाई म्हणाल्या होत्या, "झालं बाई, पांग फिटले तुह्ये. आता कुठं जायाचं काम नाही." आणि निघताना ती त्या मंडळींना सांगून आली होती की पुढच्या साली येते, दोरीपाशी उभी राहायला, माणसांना हात मागं बांधा म्हणून सांगायला. पुण्य पदरात पडलं की बाईनं घरी बसायचं. मौजेला मात्र शेवट नसतो, ती पुन्हा करावीशी वाटते... म्हणून तर बाईच्या मौजेची लोकांना एवढी भीती. आणि मला पुण्य नकोच होतं. मला ते आवडलं होतं. कासवाला देव केलं की माझं आवडणं गेलं.

"पाह्यते," ती म्हणाली. तो समजला की झालं, आणि शेतात गेला.

दुपारी बाया आल्या. पाटाभोवती रांगोळी, पाटावर जयमाला, जणू तिला न्यायला वऱ्हाड आलंय. सोजराबाईंनी बाटली आणली, झाकण फिरवलं, आणि जयमालानं "थांबा" म्हणेपर्यंत पळीनं प्रत्येकीच्या तळहातावर तीर्थ पडलंसुद्धा. शेजारच्या झुंबरबाईंनी, त्या सगळ्यांत वयानं थोर, डोळे मिटून ते घेतलं. डोळे उघडले. जिभेनं जरा चाचपलं.

"सोजरे, हे तं आपल्या जुन्या हिरीचं पानी लागते व."

बाया खुदखुदल्या. "देवाचंही पाणी खारंच निघालं," एक जण म्हणाली, "मंग आपल्याले कोण गोड देते?"

आणि मग झुंबरबाई वाकल्या. गुडघे धरलेले, एक हात जमिनीला टेकलेला, तोंडानं "गणपतीबाप्पा" म्हणत तिच्या पायांकडे येऊ लागल्या... हळूहळू, नेटानं, आणि जयमालाचे पाय आपोआप मागं सरकले.

"मावशी, थांबा. मी देवाले नव्हती गेली."

"मंग?"

"समुद्रावर कासवं पाहाले गेल्ती."

सोजराबाईंची पळी ताटात वाजली. "कासव म्हंजे देवच," त्या घाईनं म्हणाल्या. हेही दार तिथंच होतं तर, माय-लेकाचं एकच.

"नाही आत्याबाई. देव म्हणून नाही गेली. मले पाहू वाटलं म्हणून गेली. मज्जा आली. पुढच्या सालीही जाणार हाये."

पंखा तेवढा फिरत होता. झुंबरबाई अर्ध्या वाकलेल्याच होत्या.

"बरं बाई," त्या खालूनच म्हणाल्या, "पन आता मी खाली आली हाये. मले उठवशीन का नाही?"

तिनं दोन्ही हातांनी त्यांना उठवलं. बसल्यावर झुंबरबाईंनी श्वास घेतला, पुरणपोळीचा तुकडा मोडला, आणि सोजराबाईंकडे न पाहता हळूच विचारलं, "दिसले काय मंग?"

"पहिल्या दिवशी नाही."

"आन् मंग?"

जयमालानं सांगितलं. टोपली, वाळू, उलटं फिरलेलं पिल्लू. दोघी-तिघी ऐकत होत्या, एक हसत होती, एकीनं तोंड फिरवलं होतं. सोजराबाई ऐकत नव्हत्या. त्या बाटली घेऊन आत गेल्या.

बाया गेल्या. भांडी निघाली. ती आत गेली तेव्हा देवघरात बाळकृष्ण पुन्हा आपल्या जागी आला होता, आणि बाटली मोरीच्या कट्ट्यावर होती, झाकण लावलेली, झाकणावरचं कुंकू पुसलेलं. पाणी ओतून दिलेलं नव्हतं. वाळू ढवळून वर आली होती, अजून खाली बसायची होती.

तिन्हीसांज झाली. सोजराबाई ओसरीवर पाय पसरून वाती वळत होत्या. त्यांची पाठ सांगत होती की आज जेवणार नाही, बोलणार नाही, उद्याही कदाचित नाही. अविनाश शेतातून येईल, दोघींकडे पाहील, आणि पुन्हा घराबाहेर काही काम काढील. इतकी वर्षं अशा वेळी काय करायचं हे जयमालाच्या पायांना पाठ होतं: जवळ जाऊन बसायचं, "आत्याबाई, चुकलं" म्हणायचं, चूक कुठली ते नंतर ठरवायचं, वाती आपल्या हातात घ्यायच्या. पाय निघालेसुद्धा. दोन पावलं.

ती दारात थांबली. हात मागं गेले, एका हातानं दुसरं मनगट धरलं, घट्ट... कारण ते सुटायला बघत होतं. सोजराबाईंचा राग अंगणभर पसरत होता, आंधळा, ओला, कुठं जायचं ते न कळणारा. चुकीच्या दिशेनं निघाला होता, थेट तिच्याकडे.

ती हलली नाही. वाट पाहू लागली.