देवदूतांची पावलं

आफ्राकोमाच्या अंगणात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. आत ती गतप्राण होऊन पडली होती आणि बाहेर निम्मं मांपोंग गाव तिच्या उठण्याची वाट बघत होतं. तिच्या मनगटावरच्या, पावलं आणि नाडी मोजणाऱ्या पट्ट्यात हिरवा दिवा लुकलुकत होता आणि नाडीचा आकडा दिसत होता.

"डॉक्टर म्हणतो मेली," प्रॉफेट बाफोर गरजले. "माझ्या तेलानं पावन झालेला पट्टा म्हणतो झोपलीय. ऐकायचं कुणाचं?"

"पट्ट्याचं," लोक म्हणाले.

मी इथल्या दवाखान्यात नर्स. रक्तदाबाच्या बायकांना हे पट्टे आम्हीच वाटले होते. रोज संध्याकाळी सगळ्या मिळून कोकोच्या गोदामापर्यंत चालायचो आणि पावलं ताडून बघायचो. "काय गं, तुझी पावलं माहेरी गेली का?" असं आफ्राकोमा मागे पडणारीला चिडवायची. त्या धाकानं आळशातली आळशीसुद्धा घराबाहेर पडायची.

मग या बाफोरबुवानं पट्ट्यांना तेल फासलं. "बसल्या जागी टाळ्या वाजवा, देवदूत तुमच्यासाठी चालतील." आणि खरंच आकडे चढले. हात हलला की पट्ट्याला ते पाऊल वाटतं, एवढीच ती करामत. आफ्राकोमानं चालणं सोडलं, गोळ्याही सोडल्या. समजवायला गेले तर म्हणाली, "सिस्टर, तुमच्यापेक्षा माझीच पावलं जास्त भरतात." आज पहाटे झटक्यानं ती गेली.

तिची लेक डुफी शवागाराची गाडी दारात अडवून उभी होती. "नाडी चालतेय सिस्टर. जित्या माणसाला बर्फात घालू?"

उकडून फुफूचे गोळे कुटायला आणलेली कच्ची केळी ओट्यावर पडली होती. त्यातलं एक मी उचललं. "आईचा पट्टा तूच काढ आणि याला बांध."

तिनं बांधला. दिवा लुकलुकला. थोड्या वेळानं केळ्याचीही नाडी लागली.

"केळ्यातही प्रभूच वसतो," बाफोर पुटपुटले.

"मग आम्ही रोज त्यालाच कुटतो की काय?" एक म्हातारा म्हणाला. कुणी हसलं नाही.

मी सांगितलं, "हा दिवा उजेड टाकतो आणि परतलेल्या उजेडावरून नाडीचा अंदाज बांधतो. खाली हात आहे की केळं, ते त्याला कळत नाही. पट्टा टाकू नका, बायांनो. तो चालायची आठवण देईल, पण चालायचं आपल्याच पायांनी, आणि एकमेकींना घेऊन. कुणी आकडा दाखवला तर तो आला कुठून, ते आधी विचारा."

बाफोर केव्हा सटकले, कळलंही नाही.

डुफी खाली बसली. "ती टाळ्या वाजवायची तेव्हा मी शेजारी बसून आकडा वाचायचे, सिस्टर. आणखी वाजव, म्हणायचे."

मला रडू आवरेना. मी तिच्या शेजारी टेकले.

"नाडी कशी बघतात, मला दाखवा," ती म्हणाली.

मी तिची दोन बोटं तिच्याच मनगटावर टेकवली. तिला ठोके लागले. मग ती आत गेली आणि तीच बोटं तिनं आईच्या मनगटावर ठेवली. बराच वेळ ती तशीच बसून होती.

बाहेर येऊन ड्रायव्हरला म्हणाली, "न्या."